ठक्करबाप्पा

अमृतलाल विठ्ठलदास ठक्कर यांचा जन्म १८६९ साली भावनगर येथे झाला. पुण्यास स्थापत्यशास्त्राचा अभ्यास करून ते अभियंते झाले. मुंबई नगरपालिकेत त्यांना चांगली नोकरी होती. परंतु सफाई कामगारांची दैन्यावस्था पाहून त्यांचे मन तीत रमेना. १९१४ साली ती सोडून ते नामदार गोखले यांनी स्थापिलेल्या भारत सेवक समाजात दाखल झाले.

पुढे ते पंचमहालातील भिल्लांमध्ये गेले. हे कष्टाळू लोक सावकारी कर्ज, दारू व अज्ञान यांनी गांजले होते. त्यांच्यासाठी १९२२ साली ठक्करांनी भिल्ल सेवा मंडळ स्थापून शाळा काढल्या. लोक त्यांना प्रेमाने ‘बाप्पा’ म्हणू लागले.

परंतु देणगी ही दात्याच्या मर्जीवर अवलंबून. आज मिळेल, उद्या मिळणार नाही. कोट्यवधी आदिवासींची उन्नती तिच्या भरवशावर कशी व्हावी? ते तर शासनाचेच कर्तव्य होते. १९४७ साली बाप्पा घटना समितीच्या आदिवासी क्षेत्रांविषयीच्या एका उपसमितीचे अध्यक्ष झाले. वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षीही त्यांनी दूरदूरच्या प्रांतांत प्रवास केला. आदिवासींच्या विकासयोजनांस केंद्राने द्रव्यसाहाय्य द्यावे, अशी शिफारस उपसमितीने केली. भारतीय संविधानाच्या २७५ व्या अनुच्छेदात अशा अनुदानाची तरतूद झाली. जे काल दान होते, ते आता हक्काचे झाले.

१९५१ साली बाप्पा निवर्तले. महाराष्ट्र शासनाने आदिवासी वस्त्यांच्या सुधारणेच्या कार्यक्रमास त्यांचेच नाव दिले आहे. त्या निधीतून एखाद्या पाड्यावर रस्ता किंवा पाणी पोहोचते, तेव्हा बाप्पांचेच कार्य पुढे चालते.