गतीस लगाम घालणारा संशोधक : फ्रेडरिक लँचेस्टर

गतीचे वेड मनुष्यास फार. परंतु गतीस आवर घालणाऱ्याचे नाव सहसा कोणी घेत नाही. मोटार किती वेगाने धावते, हे शाळकरी मुलगाही सांगेल. ती थांबते कशाने, असे विचारले तर वडील माणसेही अडखळतात. माळव्यात राहणाऱ्यांनी तरी या प्रश्नाची उपेक्षा करू नये. आग्र्याहून मुंबईस जाणारा जुना राजमार्ग देवासवरून इंदूरला येतो आणि पुढे विंध्याद्री उतरून धार जिल्ह्यात खलघाटापाशी नर्मदा ओलांडतो. या उतरणीवरील गणेश घाटात ब्रेक निकामी होऊन झालेल्या अपघातांनी कित्येक घरे उघडी पडली आहेत. म्हणून आजच्या डिस्क ब्रेकची, म्हणजे तबकडीच्या ब्रेकची, कल्पना ज्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मांडली, त्या लँचेस्टर यांचे चरित्र आम्ही विद्यार्थी मित्रांपुढे ठेवीत आहोत.

फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर यांचा जन्म २३ ऑक्टोबर १८६८ रोजी लंडनमध्ये झाला. वडील शिल्पज्ञ होते आणि आठ भावंडांचे ते मोठे कुटुंब होते. वडीलबंधू हेन्री व्हॉन हे वडिलांप्रमाणेच शिल्पज्ञ झाले. जोधपूरचा उमेदभवन राजवाडा ही त्यांचीच कृती होय. एका भावाने आपल्या देशात दगडांचा महाल उभारला, तर दुसऱ्याने दिलेली कल्पना आज आपल्या मोटारीच्या चाकाआड फिरते आहे, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

फ्रेडरिक यांचे शिक्षण साउथॅम्प्टन व लंडन येथे झाले; परंतु पदवी न घेताच त्यांनी विद्यालय सोडले. पुढे ते बर्मिंगहॅम येथे गॅसवर चालणारी इंजिने बनविणाऱ्या कारखान्यात लागले व ऐन तारुण्यातच त्याचे व्यवस्थापक झाले. तेथील अनुभव गाठीशी बांधून त्यांनी १८९५-९६ मध्ये आपली पहिली मोटार तयार केली. संपूर्ण ब्रिटिश बनावटीची पहिली चारचाकी पेट्रोल-मोटार म्हणून ती ओळखली जाते. त्या काळी इंग्लंडमध्ये यंत्रवाहनास उघड्या रस्त्यावर ताशी ४ मैलांहून अधिक वेगाने जाण्यास कायद्याने मनाई होती! नोव्हेंबर १८९६ मध्ये तो निर्बंध सैल झाला आणि मोटारी खऱ्या अर्थाने धावू लागल्या. धावू लागल्या, तेव्हा त्यांना थांबवावे कसे, हा प्रश्नही उभा राहिला.

घोडागाडीचा ब्रेक म्हणजे चाकाच्या धावेवर दाबलेला लाकडी ठोकळा. मंद गतीस तो पुरेसा असे. मोटारीस मात्र पुरेना. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. धावत्या वाहनाची गती ब्रेक नाहीशी करीत नाही, तो तिचे उष्णतेत रूपांतर करतो. शिवाय वेग दुप्पट झाला की ही उष्णता दुप्पट न होता चौपट होते. तेव्हा ब्रेक चांगला कोणता, या प्रश्नाचे मर्म एवढेच, की उष्णता सोसून ती वाऱ्यावर सोडून देण्याचे सामर्थ्य कोणात आहे. बंद डब्यासारख्या ड्रमच्या ब्रेकमध्ये ही उष्णता कोंडून राहते. लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये वेगळाच मार्ग काढून त्याचे पेटंट घेतले. चाकाबरोबर फिरणारी धातूची उघडी तबकडी आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे दोन तुकडे, अशी ती रचना होती. उघड्या तबकडीला वारा लागे आणि ती लवकर निवे.

कल्पना अचूक होती; परंतु तिला जोडीदार मिळेना. तबकडीवर घासणारे तुकडे त्यांना तांब्याचे करावे लागले. त्या काळचे रस्ते धुळीचे व खडबडीत. त्या धुळीत तांबे झपाट्याने झिजे आणि धातूवर धातू घासल्याने कानठळ्या बसविणारा आवाज निघे. पुढे हर्बर्ट फ्रूड या दुसऱ्या इंग्रज गृहस्थाने या आवाजावर उपाय शोधला. डोंगराळ डर्बीशायरमध्ये उतारावर गाडी आवरण्यासाठी शेतकरी ब्रेकच्या ठोकळ्यास जुन्या बुटाचे चामडे लावीत. ते पाहून १८९७ मध्ये फ्रूड यांनी ब्रेकच्या अस्तराचा धंदा सुरू केला होता. १९०७-०८ च्या सुमारास त्यांनी ॲस्बेस्टॉसचे अस्तर वापरात आणले. त्याने किंकाळी शमली. पण ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांस घातक ठरल्याने कालांतराने अनेक देशांनी त्यावर बंदी घातली.

लँचेस्टर यांची बुद्धी एका यंत्रात अडकून पडणारी नव्हती. इंजिनाचा थरकाप कमी करण्याच्या युक्त्या त्यांनी काढल्या. विमानाचा पंख हवेत कसा तोलला जातो, याविषयीचा त्यांचा निबंध १८९७ मध्ये विद्वत्संस्थेने नाकारला. ते खचले नाहीत. १९०७ व १९०८ मध्ये त्यांनी या विषयावर दोन ग्रंथ प्रसिद्ध केले आणि त्यांच्या विचारांचे मोल पुढे जगास पटले. १९२२ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

लक्ष्मीने मात्र त्यांच्याकडे पाठ फिरविली. १८९९ मध्ये भावांच्या साहाय्याने काढलेली मोटार कंपनी भांडवलाअभावी १९०४ मध्ये अडचणीत आली. ती नव्या रूपाने उभी राहिली, तरी १९३१ मध्ये दुसऱ्यांच्या हाती गेली. उतारवयात कंपवाताने शरीर ग्रासले, दृष्टी मंदावली आणि राहते घर राखण्यासाठीही मोटार-व्यवसायातील मंडळींचे साहाय्य घ्यावे लागले. ८ मार्च १९४६ रोजी बर्मिंगहॅम येथे त्यांचे देहावसान झाले.

त्यानंतर अवघ्या सात वर्षांनी, जून १९५३ मध्ये, फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार मोटार पहिली आली. त्या शर्यतीत विजेत्याचा सरासरी वेग प्रथमच ताशी १०० मैलांच्या वर गेला. प्रत्येक वळणाआधी ती अधिक उशिरा ब्रेक दाबू शकत होती, हे तिच्या यशाचे एक मोठे कारण होते. उत्तम थांबणारी मोटारच वेगाने धावू शकते, हे जगाने तेव्हा पाहिले. पाहावयास लँचेस्टर नव्हते.

या चरित्रातून व्यवहाराचाही एक बोध निघतो. आज पुष्कळ तरुणांना वेगवान मोटारींची आवड असते. अशा मोटारीची डिस्क व पॅड झिजल्यावर नवीन घेताना काहीजण केवळ रूप पाहतात. भोके पाडलेली डिस्क ऐटबाज दिसते खरी. परंतु अतिउष्णतेत त्या भोकांपासूनच तडे जाऊ शकतात. शर्यतीसाठी बनविलेले पॅड तापल्यावर उत्तम धरतात, पण थंड असताना, म्हणजे बाजारातून रोज जाता-येता, त्यांची पकड अपुरी पडते. डिस्क किती झिजेपर्यंत वापरावी, तो जाडीचा आकडा बहुधा तिच्यावरच कोरलेला असतो. तो ओलांडू नये. एका आसाच्या दोन्ही चाकांचे पॅड एकदम बदलावे, नाहीतर मोटार एका बाजूस ओढली जाते. नवी जोडी बसविल्यावर प्रारंभी बेताने ब्रेक लावून ती एकमेकांस रुळू द्यावी. लँचेस्टर यांची तबकडी उत्तम होती, उणीव होती ती जोडीदाराची. म्हणून डिस्क आणि पॅड ही जोडी म्हणूनच, आणि आपला रस्ता पाहूनच निवडावी.

धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे जून २०२१ मध्ये ११.३ किलोमीटर लांबीचा अतिवेगवान चाचणी-मार्ग सुरू झाला. त्याच संस्थेत वाहनांच्या ब्रेकची परीक्षा घेण्यासाठी स्वतंत्र मार्गही आहे. वेगाची परीक्षा आणि थांबण्याची परीक्षा तेथे शेजारी शेजारी नांदतात. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी उद्या अभियंता होऊन तेथे गेला, तर त्याने या उपेक्षित संशोधकाचे स्मरण करावे. ज्याच्या अंगी वेग आहे त्याने संयमही तितकाच बळकट राखावा, हा धडा यंत्रास लागू आहे आणि मनुष्यासही.