पायांतील बूट आणि नऊवारी : डॉ. आनंदीबाई जोशी यांचे विद्यार्थिजीवन

डॉ. आनंदीबाई जोशी यांची मराठी वाचकांना नव्याने ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. अमेरिकेत जाऊन पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी संपादन करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्यापूर्वी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले. त्यांच्या चरित्रातील एक प्रकरण मात्र सहसा दोन ओळींत आटोपले जाते. डॉक्टर होण्यापूर्वी त्या मुंबईतील एका ख्रिस्ती मिशन शाळेच्या विद्यार्थिनी होत्या, आणि त्या कोवळ्या वयात त्यांच्या पायांत काय आहे याची चिंता साऱ्या रस्त्याला पडली होती. आपल्या शाळांत मुलामुलींनी कोणता वेष करावा, मुलीला काय शोभते आणि मुलाला काय शोभत नाही, यावर पालकांत आणि शिक्षकांत वारंवार चर्चा होते. म्हणून हे प्रकरण आम्ही थोड्या विस्ताराने वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. घराणे कल्याणचे, माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी टपाल खात्यातील कारकून गोपाळराव जोशी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. गोपाळराव विधुर होते आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. पत्नीला शिकविण्याचा त्यांना ध्यास होता. कल्याणात नातलगांच्या डोळ्यांसमोर हे शिक्षण सुखाने होणे शक्य नव्हते. लवकरच गोपाळरावांची नेमणूक अलिबागला झाली. आज रायगड म्हणून ओळखला जाणारा आपला जिल्हा तेव्हा कुलाबा जिल्हा होता. तळा, रोहा, माणगाव या भागातील मंडळी कचेरीच्या कामासाठी ज्या अलिबागला जात, त्याच गावी या मुलीच्या अभ्यासाने जोर धरला, ही गोष्ट आपल्याकडील फार थोड्यांना ठाऊक आहे.

हा अभ्यास प्रेमळ हातांनी झाला, असे मात्र म्हणता येत नाही. गोपाळराव तापट होते. पुढे अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी त्यांच्या माराची आठवण स्पष्ट शब्दांत करून दिली आहे. दहाव्या वर्षी लाकडाचे तुकडे अंगावर आले, बाराव्या वर्षी पुस्तके आणि खुर्च्या आल्या. पत्नीच्या शिक्षणासाठी समाजाशी भांडणारा हा मनुष्य घरात तिच्यावर हात उगारीत होता. चरित्रकार या भागावरून घाईने पुढे जातात. आम्हांस ते योग्य वाटत नाही. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मूल झाले आणि ते अवघे दहा दिवस जगले. वेळीच योग्य वैद्यकीय मदत मिळती तर मूल वाचले असते, ही खंत त्यांच्या मनात घर करून राहिली.

बदल्यांच्या ओघात मुंबईचा मुक्काम आला आणि आनंदीबाई तेथील मिशन शाळेत जाऊ लागल्या. मिशन शाळेत बायबलचा तास असे, शिकविणाऱ्या बाई परधर्माच्या आणि परदेशच्या. त्यामुळे घरच्यांना धर्म बुडण्याचे भय. पण आनंदीबाईंना खरा त्रास झाला तो शाळेच्या वाटेवर. हातात चार पुस्तके घेऊन त्या रस्त्याने निघाल्या की खिडक्यांतून माणसे डोकावत, गाड्यांतील लोक हसत. बूट आणि मोजे घालणारी ही कोण बाई, असे मोठ्याने विचारले जाई. साडी नऊवारी, वागणे मर्यादेचे. लोकांना खुपले ते केवळ बूट. त्या काळी पादत्राणे आणि छत्री ही उच्चवर्णीय घरांत पुरुषाच्या मानाची चिन्हे समजली जात. सून जोडे घालून वडीलधाऱ्यांसमोरून गेली, तर तो उद्धटपणा ठरे. मुलीने बूट घातले म्हणजे तिने पुरुषाचे सोंग घेतले, असा त्या हसण्याचा अर्थ होता. बाजूला गोपाळराव असले तरी टवाळी थांबत नसे, कारण नवरा-बायकोने बरोबरीने रस्त्यावर चालणे हेही लोकांना विपरीतच वाटे.

आज तळा गावात सकाळी शाळेला निघालेल्या मुली पाहाव्यात. पांढरे मोजे आणि काळे बूट हा गणवेषाचा भाग आहे. बूट न घालता आलेल्या मुलीला अनेक शाळांत दाराशीच थांबविले जाते. ज्या वस्तूसाठी आनंदीबाईंची टवाळी झाली, तीच वस्तू नसल्याबद्दल आज मुलीला ओशाळे व्हावे लागते. मुलाचे म्हणाल, तर शेंडी आणि कानातली भिकबाळी आपल्या पणजोबांना शोभत होती. त्यांचाच पणतू कानात बाळी घालून किंवा केस वाढवून वर्गात आला, की तो मुलींसारखा दिसतो म्हणून त्याला उभे केले जाते. आपल्याच तालुक्यातील कुडे लेण्यांच्या भिंतींवर स्त्रीपुरुषांची जोडपी कोरलेली आहेत. पुरुषांची भरदार पागोटी आणि स्त्रियांच्या अंगावरचे मोजके वस्त्र पाहिले, तर यांतील एकालाही आजच्या शाळेचे दार उघडणार नाही. गणवेषाला आमचा विरोध नाही. श्रीमंत आणि गरीब मुले एका रांगेत बसावीत यासाठी तो उपकारक आहे. परंतु मुलाने मुलासारखे आणि मुलीने मुलीसारखे दिसावे, हा नियम सनातन आहे असे समजून एखाद्या लेकराचा सर्वांसमक्ष पाणउतारा करणे, हे आम्हांस ख्रिस्ती शाळेच्या नावाला न शोभणारे वाटते.

आता पुन्हा चरित्राकडे वळू. कोल्हापुरात असताना गोपाळरावांनी पत्नीला अमेरिकेत शिकविण्यासाठी साहाय्य मागणारे पत्र रेव्हरंड वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यांना लिहिले. ख्रिस्ती होण्याची तयारी असल्याशिवाय अशा साहाय्याची आशा धरू नये, असा वाइल्डर यांच्या उत्तराचा रोख होता. हा पत्रव्यवहार त्यांच्या मासिकात छापून आला. १८८० मध्ये न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे वाट पाहत असताना तो वाचला. त्यांनी कोणतीही अट न घालता मदतीचा हात पुढे केला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. त्याही ख्रिस्तीच होत्या, हे येथे लक्षात ठेवावे.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथे, बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी उभारलेल्या महाविद्यालयात, आनंदीबाईंनी इंग्रजीत जाहीर भाषण केले. अमेरिकेला का जाता, एकट्या का जाता, परत आल्यावर जात वाळीत टाकील त्याचे काय, अशा प्रश्नांना त्यांनी एकेक करून उत्तरे दिली. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, आहारात आणि पोशाखात बदल करणार नाही, असे त्यांनी निक्षून सांगितले. तेव्हा त्यांना अठरावे वर्षही पुरे झाले नव्हते. एप्रिल महिन्यात त्या मिशनरी स्त्रियांच्या सोबतीने कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या.

फिलाडेल्फियाचे स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय १८५० मध्ये स्थापन झाले. त्याच्या उभारणीत क्वेकर पंथीय ख्रिस्ती मंडळींचा मोठा वाटा होता. तेथे कोणीही आनंदीबाईंना झगा घालण्यास सांगितले नाही. अडचण निर्माण केली ती थंडीने. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि तेथील हिवाळा हाडे गोठविणारा. बऱ्याच विचारानंतर त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास आरंभ केला, म्हणजे पाय झाकले जातील आणि साडीही सुटणार नाही. श्रीरामपूरच्या शब्दाला त्यांनी स्वतःच्या विवेकाने घातलेली ही मुरड होती. तिला आम्ही वचनभंग म्हणणार नाही. तोवर तब्येत मात्र ढासळू लागली होती. खोलीत पुरेशी ऊब नाही, शाकाहार सांभाळायचा, आणि त्यात अभ्यासाचा भार. क्षयाने हळूहळू शरीराचा ताबा घेतला.

१० ऑक्टोबर १८८५ रोजी त्या महाविद्यालयात घेतलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या साबात इस्लाम्बुली आणि आपल्या आनंदीबाई, प्रत्येकजण आपापल्या देशीच्या वेषात बसलेल्या दिसतात. संस्थेने त्यांचा तो वेष अभिमानाने मिरविला. ख्रिस्तसभेला ही दृष्टी अपरिचित नव्हती. सतराव्या शतकात मदुराईला रॉबर्टो डी नोबिली या येशूसंघीय धर्मगुरूंनी संन्याशाची वस्त्रे धारण केली होती. त्यावरून वादळ उठले, तेव्हा १६२३ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी नवख्रिस्ती लोकांना जानवे आणि चंदन ठेवण्याची मुभा दिली. आपल्या काळात, एप्रिल २०२४ मध्ये, भारतीय कॅथॉलिक बिशप परिषदेच्या शिक्षण विभागाने कॅथॉलिक शाळांना सूचना केली, की अन्य धर्मीय विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत. मुलगा आणि मुलगी यांच्या वेषातील भेदाविषयी मात्र प्रत्येक शाळा आपापल्या वहिवाटीनेच चालते.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई खास इंग्लंडहून आल्या होत्या. आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. दहा दिवसांच्या त्या बाळाची आई या विषयाकडे का वळली, हे निराळे सांगावयास नको. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना देऊ करण्यात आली. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मायदेशी परतल्या त्या अंथरुणाला खिळण्याच्याच स्थितीत. कोल्हापूरचे काम त्यांच्या हातून सुरू होऊ शकले नाही आणि तीनच महिन्यांनी पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली. काशीबाई कानिटकरांनी पुढे त्यांचे चरित्र मराठीत लिहिले. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी अमेरिकेला कार्पेंटर मावशींकडे पाठविल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, आनंदीबाईंच्या नावाची शिळा आहे.