नरम स्प्रिंग, ताठ सांगाडा : कॉलिन चॅपमन

स्पोर्ट्‌स कार म्हणजे जमिनीला टेकलेली आणि बसणाऱ्याची हाडे खिळखिळी करणारी गाडी, असा एक समज रूढ आहे. स्प्रिंग जितकी कडक तितकी गाडी वेगवान, असे अनेक हौशी मोटारप्रेमी आजही धरून चालतात. या समजाला सर्वांत जोरदार धक्का दिला तो कॉलिन चॅपमन या ब्रिटिश अभियंत्याने. ‘लोटस’ या छोट्या कंपनीच्या या संस्थापकाने नरम स्प्रिंगांच्या गाड्या बनवून भल्याभल्यांना वळणांवर मागे टाकले. पुढे मात्र त्याच्याच एका शोधामुळे शर्यतीच्या गाड्यांना पूर्वी कधीच नव्हत्या इतक्या कडक स्प्रिंगा बसवाव्या लागल्या. त्या पेचातून वाट काढण्याच्या धडपडीतच त्याच्या आयुष्याची अखेर झाली.

चॅपमनचा जन्म १९ मे १९२८ रोजी लंडनलगतच्या रिचमंड येथे झाला. त्याचे वडील उत्तर लंडनमधील हॉर्नसी भागात रेल्वे हॉटेल चालवीत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये त्याने संरचना अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, म्हणजे पूल आणि इमारती यांचे शास्त्र. याच काळात तो विमान चालवायलाही शिकला. मोटारीकडे त्याने पुढे नेहमीच या दोन शास्त्रांच्या नजरेतून पाहिले. सांगाड्याच्या प्रत्येक नळीवर किती ताण येतो आणि जो भाग ताण घेत नाही तो गाडीत हवा कशाला, हा त्याचा पहिला प्रश्न असे.

विद्यार्थिदशेत तो जुन्या मोटारींची खरेदी-विक्री करीत असे. युद्धोत्तर काळातील पेट्रोलच्या टंचाईने हा धंदा बसला आणि त्याच्याकडे एक जुनी ऑस्टिन सेव्हन पडून राहिली. तिचेच रूपांतर त्याने १९४८ मध्ये शर्यतीच्या गाडीत केले. १ जानेवारी १९५२ रोजी त्याने लोटस इंजिनीअरिंग कंपनी स्थापन केली. वडिलांच्या हॉटेलमागचे जुने तबेले हा तिचा कारखाना आणि हेझल विल्यम्स या मैत्रिणीने दिलेले २५ पौंड हे तिचे भांडवल. हेझल पुढे १९५४ मध्ये त्याची पत्नी झाली.

त्याचे वेगळेपण समजण्यासाठी आधीच्या गाड्या कशा होत्या, हे पाहायला हवे. युद्धापूर्वीच्या बहुतेक स्पोर्ट्‌स कारना पाट्यांच्या अत्यंत कडक स्प्रिंगा असत. त्या मानाने सांगाडा लवचीक असे. खड्डा आला की स्प्रिंग दबण्याऐवजी सांगाडाच पिळवटे. म्हणजे सांगाडा हीच एक स्प्रिंग होऊन बसे, आणि तिचे नियंत्रण करणारे काहीही नसे. चाके रस्त्यावरून उडत, आणि जे चाक हवेत आहे ते ना ब्रेक लावू शकते ना वळू शकते. जर्मनीत मर्सिडीजच्या रुडॉल्फ उलेनहाउट या अभियंत्याने हे ओळखले होते. १९३७ च्या डब्ल्यू १२५ या शर्यतीच्या गाडीत त्याने सांगाडा ताठ केला आणि स्प्रिंगा नरम केल्या. चॅपमनने हेच तत्त्व सामान्य उत्पन्नाच्या हौशी माणसाला परवडेल अशा हलक्या गाडीत आणले. त्याच्या मार्क सिक्स या गाडीत बारीक नळ्या त्रिकोणांत जोडून केलेला हलका पण ताठ सांगाडा होता आणि पुढच्या चाकांना नरम वेटोळ्या स्प्रिंगा होत्या. महागड्या गाड्यांना ती वळणांवर मागे टाकू लागली. १९५७ मध्ये लोटस सेव्हन आणि फायबरग्लासच्या कवचाची एलीट आली. एलीटला पोलादी सांगाडा नव्हताच. तिचे कवच हाच तिचा सांगाडा होता.

या विचाराचे सर्वांत सुबक फळ म्हणजे १९६२ ची एलान. फायबरग्लासच्या अंगाखाली दोन्ही टोकांना फाटे फुटलेला, पत्र्याचा पोकळ कणा आणि त्याच्या चार टोकांना नरम स्प्रिंगांवर तोललेली चार चाके, अशी तिची रचना होती. त्याच वर्षी बाजारात आलेल्या एमजीबी या लोकप्रिय ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारच्या मागच्या अखंड आसाला मात्र पाटेच होते. एलान लहान, ठेंगणी, जेमतेम पावणेसातशे किलोंच्या आसपास वजनाची. तरीही खराब रस्त्यावर ती आरामशीर चाले आणि वळणावर रस्त्याला धरून राही. १९८९ मध्ये माझ्दा कंपनीने एमएक्स-५ ही छोटी स्पोर्ट्‌स कार आणली, तेव्हा तिच्यामागे एलानचाच आदर्श होता.

नरम स्प्रिंगांवर ही किमया साधली कशी? कोणत्याही दोन गाड्यांच्या स्प्रिंगांची तुलना करताना नेमकी येथेच गफलत होते. स्प्रिंगचा ताठरपणा म्हणजे ती एक मिलिमीटर दाबण्यासाठी लागणारा भार. समजा, एका स्प्रिंगला त्यासाठी ४ किलो भार लागतो. पण स्प्रिंग क्वचितच थेट चाकावर बसवलेली असते. ती दांड्यावर कोठेतरी आत असते. चाक १० मिलिमीटर वर गेले आणि स्प्रिंग ७ मिलिमीटरच दबली, तर चाकाला जाणवणारा ताठरपणा ०.७ च्या वर्गाने, म्हणजे ०.४९ ने गुणून येतो. चार किलोंची स्प्रिंग चाकापाशी दोनच किलोंची ठरते. दुसरी बाब वजनाची. याच चाकावर गाडीचे २५० किलो वजन असेल, तर गाडी सेकंदाला सुमारे १.४ वेळा वरखाली होईल. ३५० किलो असेल, तर सुमारे १.२ वेळा. म्हणजे एकच स्प्रिंग हलक्या गाडीला कडक आणि जड गाडीला नरम ठरते. म्हणून जाणकार स्प्रिंगचा नुसता आकडा न विचारता गाडीच्या आंदोलनांची ही गती विचारतात. आरामदायी मोटारीत ती सेकंदाला एकाच्या आसपास असते, रस्त्यावरच्या स्पोर्ट्‌स कारमध्ये साधारण दीड ते दोन.

चॅपमनचा हलकेपणाचा आग्रह येथे उपयोगी पडला. वजन कमी आणि तेही जमिनीलगत असले की गाडी वळणावर फारशी कलत नाही. मग तिला कलू न देण्यासाठी स्प्रिंगा कडक करण्याची गरज उरत नाही. नरम स्प्रिंगवरचे चाक रस्त्याच्या चढउतारांचा माग काढते आणि टायरवरचा भार सारखा राहतो. स्प्रिंगने साठवलेली ऊर्जा शोषून घेण्याचे काम चांगल्या शॉक अ‍ॅब्झॉर्बरचे. या साऱ्याची पूर्वअट एकच : सांगाडा ताठ हवा.

शर्यतीच्या मैदानातही हेच सूत्र फळाला आले. १९६२ च्या लोटस २५ मध्ये त्याने नळ्यांऐवजी पत्र्याच्या पेटीसारखा सांगाडा वापरला. तो हलकाही होता आणि कितीतरी ताठही. स्कॉटलंडचा जिम क्लार्क १९६३ आणि १९६५ मध्ये लोटसमधून जगज्जेता झाला, आणि १९६५ मध्ये त्याने अमेरिकेतील इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यतही जिंकली. १९७० च्या लोटस ७२ मध्ये चॅपमनने वेटोळ्या स्प्रिंगा काढून पिळल्या जाणाऱ्या दांड्या बसवल्या. चाक जितके वर जाईल तितका त्यांचा ताठरपणा वाढत जाई. त्यामुळे शर्यतीच्या प्रारंभी पूर्ण भरलेली टाकी आणि अखेरीस रिकामी टाकी या दोन्ही अवस्थांत गाडीची चाल बिघडत नसे.

हलकेपणाची एक काळी बाजूही होती. लोटसच्या गाड्या नाजूक असतात, अशी कुजबुज चालकांमध्ये कायम असे. ७ एप्रिल १९६८ रोजी जर्मनीत हॉकेनहाइम येथे क्लार्क अपघातात मरण पावला. हा चालक चॅपमनचा जिवलग मित्र होता आणि या आघातातून तो कधीच पूर्णपणे सावरला नाही, असे त्याचे निकटवर्ती मानत. ५ सप्टेंबर १९७० रोजी मोंझा येथे सरावादरम्यान योखेन रिंटची लोटस ७२ ब्रेक लावताना भरकटली आणि कठड्यावर आदळली. पुढच्या ब्रेकचा दांडा तुटल्याचे नंतर आढळले. नीट न बसवलेला कठडाही प्राणघातक ठरला. आधीच्या विजयांच्या गुणांवर रिंट मरणोत्तर जगज्जेता ठरला. कोणता भाग किती बारीक करावा, या प्रश्नाचे उत्तर चुकले तर त्याची किंमत गाडीत बसणारा मोजतो. चॅपमनच्या कर्तृत्वाचा विचार करताना ही बाब बाजूला ठेवता येत नाही.

१९७७ च्या लोटस ७८ ने पुन्हा क्रांती केली. पीटर राइट, टोनी रड आदी सहकाऱ्यांसह चॅपमनने गाडीच्या दोन्ही बाजूंना उलट्या पंखांचा आकार दिला आणि कडेला जमिनीपर्यंत झालरी लावल्या. गाडीखालून वेगाने जाणाऱ्या हवेचा दाब घटे आणि गाडी रस्त्याकडे ओढली जाई. तिची सुधारित आवृत्ती लोटस ७९ चालवत मारिओ आंद्रेत्ती १९७८ मध्ये जगज्जेता झाला. त्याच हंगामात मोंझाच्या अपघातानंतर त्याचा सहचालक रॉनी पेटरसन दगावला.

येथे स्प्रिंगांचे सारे गणित उलटले. हवेची ही ओढ टिकवायची तर गाडीचा तळ जमिनीपासून ठराविक अंतरावरच राहायला हवा. नरम स्प्रिंगवर गाडी खाली दबे, तळाखालचा प्रवाह तुटे, ओढ नाहीशी होई आणि गाडी पुन्हा वर उसळे. १९७९ ची लोटस ८० या उसळण्यानेच निकामी ठरली. उपाय एकच : स्प्रिंगा कडक, आणखी कडक. पण कडक स्प्रिंगांना तितकाच ताठ सांगाडा लागतो, आणि तेथे लोटस ७९ उणी पडली. १९७९ मध्ये विल्यम्स संघाने चॅपमनचीच कल्पना अधिक ताठ सांगाड्यावर उतरवून त्याला मागे टाकले. ज्या सूत्रावर त्याने नाव मिळवले, त्याच सूत्राने त्याला हरवले. पुढे तर गाड्यांच्या स्प्रिंगा जवळजवळ हलेनाशा झाल्या आणि प्रत्येक हादरा चालकाच्या पाठीच्या कण्याला बसू लागला.

यावरचे चॅपमनचे उत्तर म्हणजे १९८१ ची लोटस ८८. एका गाडीत दोन सांगाडे. बाहेरचा हवेची ओढ झेलून कडक स्प्रिंगांवाटे थेट चाकांकडे पोहोचवणारा. आतला चालक आणि इंजिन यांना नरम स्प्रिंगांवर सांभाळणारा. कडकपणा आणि नरमपणा यांचे काम त्याने वेगवेगळ्या हातांत सोपवले. प्रतिस्पर्ध्यांनी आक्षेप घेतले आणि ही गाडी बाद ठरवण्यात आली. एकाही शर्यतीत तिला उतरता आले नाही. या निर्णयाने चॅपमन अत्यंत कडवट झाला.

त्याच सुमारास त्याच्याभोवती दुसरे सावट जमले. उत्तर आयर्लंडमध्ये सरकारी पैशांवर उभ्या राहिलेल्या डिलोरियन मोटार कंपनीचे अभियांत्रिकी काम लोटसकडे होते. ती कंपनी १९८२ मध्ये बुडाली आणि त्यातील मोठ्या रकमेला पाय फुटल्याचे उघड होऊ लागले. १९९२ मध्ये या प्रकरणात चॅपमनच्या आर्थिक सहकाऱ्याला तुरुंगवास झाला. चॅपमन हयात असता तर त्यालाही दीर्घ शिक्षा झाली असती, असे न्यायाधीशांनी तेव्हा स्पष्ट केले.

१६ डिसेंबर १९८२ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने चॅपमनचा मृत्यू झाला. योगायोग असा, की त्याच दिवशी स्नेटर्टनच्या मैदानावर त्याच्या संघाची एक नवी गाडी चाचणीसाठी उतरली होती. त्या गाडीत संगणकाच्या हुकमाने हायड्रॉलिक यंत्रणा प्रत्येक चाक क्षणोक्षणी वरखाली करीत असे. स्प्रिंग नरम हवी की कडक, हा प्रश्नच ती मोडीत काढू पाहत होती. याच तंत्राच्या बळावर १९८७ मध्ये आयर्टन सेनाने लोटसला मोनाको येथे विजय मिळवून दिला. १९९४ पासून फॉर्म्युला वनने त्यावर बंदी घातली.

२०२२ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये तळाखालच्या हवेची ओढ नव्या नियमांनी परतली, आणि तिच्यासोबत गाड्यांचे उसळणेही परतले. चालक पाठदुखीच्या तक्रारी करू लागले. चार दशकांपूर्वी चॅपमनला छळणारा पेच नव्या अभियंत्यांपुढे तसाच उभा राहिला. चॅपमनच्या हयातीत लोटसने चालकांची ६ आणि संघांची ७ जगज्जेतेपदे पटकावली. तरीही त्याचा खरा ठसा रस्त्यावरच्या चांगल्या स्पोर्ट्‌स कारमध्ये शोधावा. गाडी हलकी ठेवा, सांगाडा ताठ ठेवा, मग स्प्रिंगांना त्यांचे काम करू द्या, हा त्याचा धडा आहे. आपल्या मोटारीच्या स्प्रिंगा कापून ती खाली बसवू पाहणाऱ्या हौशी मंडळींनी तरी तो एकदा ध्यानात घ्यावा.