सिंदियाच्या ताफ्याचे शिल्पकार वालचंद हिराचंद

परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. मुंबईचा किनारा येथून सुमारे पाचशे किलोमीटर दूर. तरीही समुद्रावर कोणाचे जहाज चालते, या प्रश्नाशी येथल्या कापूस उत्पादकाचा संबंध जुना आहे. १९००च्या सुमारास मनमाड ते हैदराबाद लोहमार्ग परभणीवरून सुरू झाला आणि या भागातील कापसाला मुंबईची वाट मोकळी झाली. मात्र मुंबई बंदरातून पुढे परदेशी निघणाऱ्या मालाचे भाडे प्रामुख्याने ब्रिटिश जहाज कंपन्यांच्या तिजोरीत पडत असे. माल येथला, बंदर येथले, जहाज मात्र परक्याचे, अशी ही स्थिती होती. ती बदलण्यासाठी आयुष्य वेचणारे उद्योगपती म्हणजे वालचंद हिराचंद.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात, व्यापार करणाऱ्या गुजराती जैन कुटुंबात झाला. समुद्राशी त्यांचा वारसाहक्काने काहीही संबंध नव्हता. महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडून ते घरच्या व्यवसायात आले. पेढीवर त्यांचे मन रमले नाही. लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर भागीदारी करून त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेतली. माती, खडी आणि रूळ यांच्या हिशेबात तयार झालेला हा माणूस वयाच्या सदतिसाव्या वर्षी आगबोटीच्या धंद्यात उतरला.

देखणे पहिले जहाज

पहिले महायुद्ध संपल्यावर ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचे 'लॉयल्टी' हे जहाज विक्रीला निघाल्याचे वालचंद यांच्या कानावर आले. या जहाजाचा पूर्वेतिहास राजेशाही होता. कॅनडियन पॅसिफिक कंपनीने १८९०च्या सुमारास इंग्लंडमध्ये एकाच आराखड्यावर तीन प्रवासी जहाजे बांधून घेतली होती. 'एम्प्रेस ऑफ इंडिया', 'एम्प्रेस ऑफ जपान' आणि 'एम्प्रेस ऑफ चायना' अशी त्यांची नावे. पांढऱ्या रंगाची, निमुळत्या नाळेची आणि ताशी सुमारे १६ सागरी मैल वेगाची ही जहाजे व्हँकूव्हर, योकोहामा आणि हाँगकाँग या बंदरांना जोडत. एकाच आराखड्यावरून बांधलेल्या अशा जहाजांना नौकानयनाच्या भाषेत भगिनी जहाजे म्हणतात. यातील 'चायना' १९११ मध्ये जपानच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळून निकामी झाले. 'इंडिया' महायुद्धाच्या प्रारंभी शिंदे महाराजांनी घेतले आणि रुग्णालय जहाज म्हणून वापरात आणले. तेव्हा त्याचे नाव 'लॉयल्टी' झाले.

वालचंद यांनी नरोत्तम मोरारजी आदी उद्योजकांना बरोबर घेतले. २७ मार्च १९१९ रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली. कंपनीचे नाव जहाजाच्या आधीच्या मालकावरून पडले. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. पुढे हाच दिवस १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून साजरा होऊ लागला.

या ऐतिहासिक सफरीचा व्यावहारिक हिशेब मात्र कंपनीच्या बाजूचा नव्हता. सुमारे ५,९०० टनांचे हे जहाज मुळात टपाल आणि प्रवासी यांच्यासाठी बांधलेले. वेगासाठी कोळसा अधिक, सोयींसाठी कर्मचारी अधिक आणि माल ठेवण्यास जागा बेताची. त्यातच जहाजाचे वय जवळपास तीस वर्षांचे. प्रस्थापित ब्रिटिश कंपन्यांपुढे त्याचा टिकाव लागणे अवघड होते. अखेर १९२३ मध्ये ते मोडीत काढण्यासाठी विकले गेले.

मालवाहू जहाजांचा आधार

कंपनी तगली ती दुसऱ्या प्रकारच्या जहाजांवर. त्याच सुमारास सिंदियाने ब्रिटनमधील पॅलेस शिपिंग कंपनीची मालवाहू जहाजे खरेदी केली. दिसायला साधी, चालीने संथ. पण तांदूळ, कोळसा, लाकूड असा जड माल पोटात घेऊन जाणारी ही जहाजे कमी खर्चात कमाई करीत. प्रवासी जहाजाचे मोठेपण त्याच्या एकूण घनफळावरून, म्हणजे ग्रॉस टनेजवरून सांगतात. मालवाहू जहाजाची किंमत ते किती वजन उचलते, म्हणजे डेडवेट टनेज किती, यावरून ठरते. 'लॉयल्टी'ने कंपनीला नाव मिळवून दिले. भाकरी मालवाहू जहाजांनी दिली.

ही भाकरीही सुखासुखी मिळाली नाही. किनारी व्यापारावर लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीची पकड होती. तिने भाडे एवढे खाली आणले, की नव्या कंपनीचे कंबरडे मोडावे. सिंदिया विकत घेण्याचीही तयारी दाखविण्यात आली. ती नाकारली गेली, तरी १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार स्वीकारावा लागला. त्यानुसार ताफ्याच्या टनेजवर मर्यादा आली आणि परदेशी मार्ग बंद झाले. आपल्या ताफ्यात कोणत्या जातीची जहाजे असावीत आणि ती कोठवर जावीत, हे ठरविण्याचा अधिकारच प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला होता. वालचंद यांच्या पुढील लढ्याचे मूळ येथे आहे. किनारी व्यापार भारतीय जहाजांसाठी राखून ठेवावा, यासाठी साराभाई हाजी यांनी १९२८ मध्ये केंद्रीय विधिमंडळात विधेयक मांडले. त्याचा कायदा होऊ शकला नाही. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी यांचे निधन झाले आणि कंपनीची धुरा वालचंद यांच्याकडे आली.

यात्रेकरू आणि चाकरमानी

यानंतर ताफ्यात निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळी जहाजे आली. हज यात्रेकरूंसाठी १९३७ मध्ये 'एल मदिना' दाखल झाले. हंगामात शेकडो यात्रेकरूंना परवडणाऱ्या दरात नेणे, हे त्याचे काम. या मार्गावरही दरयुद्ध पेटले. दुसऱ्या महायुद्धात हे जहाज सैन्याच्या वाहतुकीसाठी वापरले गेले. मार्च १९४४ मध्ये बंगालच्या उपसागरात जपानी पाणबुडीने ते बुडविले आणि साडेतीनशेहून अधिक जणांना जलसमाधी मिळाली.

कोकण किनाऱ्यावर आगबोटी चालविणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीही याच काळात सिंदियाच्या छत्राखाली आली. या बोटी महासागरी जहाजांपुढे चिमुकल्या. अनेक बंदरांत धक्का नसल्याने बोट बाहेर उभी राही आणि प्रवासी होडीतून ये-जा करीत. पावसाळ्यात ही सेवा बंद असे. तरीही मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या चाकरमान्याला गावी नेणारी हीच बोट होती.

स्वतःचे जहाज, स्वतःचा कारखाना

जुनी जहाजे विकत घेऊन ताफा वाढतो, पण स्वावलंबन येत नाही, हे वालचंद यांनी ओळखले होते. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणम येथे त्यांच्या जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाली. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९४२ मध्ये, जपानी विमानांनी त्या शहरावर बॉम्बफेक केली आणि कामाला खीळ बसली. अखेर १४ मार्च १९४८ रोजी पंतप्रधान पंडित नेहरू यांच्या हस्ते 'जल-उषा'चे जलावतरण झाले. आठ हजार टन माल वाहू शकणारे ते मालवाहू जहाज होते. १९१९ मध्ये झगमगत्या प्रवासी जहाजाने आरंभ करणाऱ्या वालचंदांच्या स्वतःच्या कारखान्यातून पहिले उतरले ते साधे, कष्टकरी जहाज. त्याच वर्षी 'जल-आझाद' आणि 'जल-जवाहर' ही जुळी जहाजे घेऊन सिंदिया पुन्हा प्रवासी वाहतुकीसाठी ब्रिटनच्या मार्गावर आली. पण आता त्यांच्यात प्रवाशांबरोबर मालालाही जागा होती. 'लॉयल्टी'चा धडा वाया गेला नव्हता.

१९५० मध्ये प्रकृतीच्या कारणास्तव वालचंद सिंदियातून निवृत्त झाले. १९५२ मध्ये त्यांचा कारखाना हिंदुस्थान शिपयार्ड या नावाने प्रामुख्याने सरकारच्या मालकीचा झाला. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. 'लॉयल्टी'च्या पहिल्या सफरीला तेव्हा ३४ वर्षे आणि तीन दिवस झाले होते.

पुढे १९८०च्या दशकातील मंदीत सिंदिया कंपनी डबघाईला आली आणि तिचा ताफा काळाच्या ओघात संपला. २०२१ मध्ये 'एम्प्रेस' नावाचे पर्यटन जहाज मुंबईहून सफरी करू लागले. आकारमानाने 'लॉयल्टी'च्या सुमारे आठपट असलेले हे जहाजही परदेशी कंपनीने वापरलेलेच होते. त्यावर सहलीला जाणाऱ्यांत मराठवाड्यातील कोणी असेल, तर त्याला तिकीट, खोली आणि मेजवानी यांची तुलना करण्याची मुभा आहे. एका पिढीपुढे याहून कठीण प्रश्न होता. आपल्या देशाचे जहाज आपल्याच समुद्रात चालू दिले जाईल की नाही, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर वालचंद यांनी जहाजामागून जहाज उभे करून दिले.