न पाठवलेल्या पत्रांतील संवाद : मौलाना अबुल कलाम आझाद

धारणीच्या मशिदीत इशाची नमाज आटोपली की सफा मोकळ्या होतात. पण एखादा नमाजी खांबाशी तसाच बसून राहतो. जवळ जाऊन हालहवाल विचारली, तर सर्व खैरियत असल्याचेच तो सांगतो. बऱ्याच वेळाने, दिवे मालवण्याची वेळ झाली म्हणजे खरी गोष्ट ओठांवर येते. कोणाच्या डोक्यावर कर्ज असते, तर कोणाच्या घरात महिनोन्‌महिन्यांचा अबोला. घरी मात्र यातले कोणालाच काही ठाऊक नसते. परगावी कामाला गेलेला मुलगा फोनवर आईला खैरियत कळवतो आणि आईही आपला ताप लपवून त्याला खैरियतच कळवते. दोघांचाही हेतू प्रेमाचा असतो. तरीही दोघे एकटे पडतात.

अशा रात्री मला मौलाना अबुल कलाम आझाद यांची आठवण होते. थोर मुफस्सिर, स्वातंत्र्यलढ्याचे अग्रणी आणि स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री म्हणून त्यांना सारे ओळखतात. परंतु आपल्याच महाराष्ट्रातील अहमदनगरच्या किल्ल्यात (हे शहर आता अहिल्यानगर म्हणून ओळखले जाते) त्यांनी काढलेले दिवस आपल्या घरांसाठी अधिक मोलाचे आहेत, असे मला वाटते.

एकांतात वाढलेले मन

मौलानांचा जन्म १८८८ साली पवित्र मक्केत झाला. वडील मौलाना खैरुद्दीन हे विद्वान व मोठ्या मुरीद-परिवाराचे पीर होते आणि आई अरब घराण्यातील होती. पुढे कुटुंब कलकत्त्यास स्थायिक झाले. वडिलांनी मुलाला शाळेत न घालता घरीच शिकविले. घराची शिस्त कडक होती. इतर मुले खेळत असत, तेव्हा हा मुलगा पुस्तक घेऊन कोपरा शोधत असे. एकांताची ही आवड त्यांना जन्मभर पुरली.

तारुण्यात त्यांच्या मनात शंकांचे काहूर उठले. पिराच्या गादीचा वारस असलेल्या तरुणाने अशा शंका दडवून ठेवल्या असत्या, तर कोणाला नवल वाटले नसते. त्यांनी मात्र स्वतःशी प्रामाणिक राहण्याचा मार्ग पत्करला. केवळ वारशाने मिळालेल्या समजुतींतून मुक्त झालो, या अर्थाने त्यांनी ‘आझाद’ हे नाव धारण केले. शोधाच्या खडतर वाटेने ते पुन्हा ईमानाच्या दाराशी आले आणि तेव्हा ते ईमान त्यांचे स्वतःचे होते. पुढे १९१२ साली ‘अल-हिलाल’ साप्ताहिक निघाले. सरकारने ते बंद पाडले. १९१६ पासून १९१९ अखेरपर्यंत मौलाना रांचीत नजरकैदेत होते. पवित्र कुरआनचे त्यांचे भाषांतर व भाष्य ‘तर्जुमानुल कुरआन’ याच खडतर आयुष्यातून आकारास आले. तुरुंग त्यांना नवा नव्हता.

किल्ल्यातील पहाट

ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून ते मुंबईच्या अधिवेशनास आले. ‘छोडो भारत’चा ठराव संमत झाला आणि ९ ऑगस्टच्या पहाटे त्यांना अटक झाली. पंडित नेहरू, सरदार पटेल, आसफ अली, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव आदी सहकाऱ्यांसह त्यांना खास रेल्वेगाडीने अहमदनगरला नेण्यात आले. निजामशाहीचा तो जुना किल्ला पुढे जवळजवळ पावणेतीन वर्षे त्यांचे घर झाला.

पहाटे तीन-चारच्या सुमारास उठण्याची त्यांना सवय होती. सर्व बराक झोपलेली असे. ते स्वतःच्या हाताने चिनी चहा तयार करीत, पेला पुढ्यात ठेवीत आणि लिहावयास बसत. अलीगढ जिल्ह्यातील भीकमपूरचे मौलाना हबीबुर्रहमान खान शेरवानी हे त्यांचे जुने स्नेही होते. ते राजकारणातील साथी नव्हते, विद्येतील सोबती होते. त्यांना उद्देशून मौलाना पत्रे लिहीत. ही पत्रे पोहोचणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. तरीही एकामागून एक पत्र लिहून ते बाजूस ठेवीत. त्यांत राजकारण नसे. चहाची लज्जत, खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्या, अंगणात हाताने फुलवलेला बगीचा, संगीताची आवड, बालपण आणि अल्लाहच्या अस्तित्वाचा विचार असे विषय त्यांत येत. पुढे हा संग्रह ‘गुबार-ए-खातिर’ म्हणजे मनावरची धूळ या नावाने प्रसिद्ध झाला. चारचौघांत मोजके बोलणारा हा गंभीर पुरुष त्या पहाटेच्या वेळी एका मित्रापुढे ही धूळ झटकत होता.

खैरियतीची पत्रे

याच संग्रहात ११ एप्रिल १९४३ चे एक पत्र आहे. त्यात मौलानांनी आपल्या घरातील अबोल दुःख मांडले आहे. त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम यांची प्रकृती काही काळापासून ढासळत होती. १९४१ मध्ये मौलाना नैनीच्या तुरुंगात असताना बेगमसाहेबांची पत्रे नियमित येत. त्यांत घरच्या साऱ्या गोष्टी असत; केवळ स्वतःच्या आजाराचा उल्लेख नसे. कैदेतील पतीचा जीव टांगणीला लागू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. सुटकेनंतर घरी आल्यावर मौलानांना कळले की तो सारा काळ त्यांनी आजारपणात काढला होता. वैद्यकीय सल्ल्यावरून हवापालटासाठी त्या रांचीला गेल्या आणि थोड्या सावरून परतल्या.

३ ऑगस्ट १९४२ रोजी मौलाना मुंबईला निघाले, तेव्हा त्या नेहमीप्रमाणे दारापर्यंत आल्या. विशेष काही घडले नाही, तर तेरा तारखेपर्यंत परत येईन, असे मौलानांनी सांगितले. बेगमसाहेबांनी खुदा हाफिज म्हटले. याहून एक शब्दही अधिक उच्चारला नाही. डोळे कोरडे होते, पण चेहरा रडवेला होता. वियोगाचे अनेक प्रसंग येऊन गेले होते, तरी इतक्या उदास त्या पूर्वी कधी दिसल्या नव्हत्या. त्या दारातच काही विचारले असते, काही ऐकले असते, तर? ही रुखरुख मौलानांच्या शब्दांआडून वाचकाला जाणवत राहते.

सब्राचा मुखवटा

मार्च १९४३ मध्ये पत्नीचा आजार गंभीर झाल्याची बातमी किल्ल्यात आली. सरकारकडे काही विनंती करावयाची असल्यास ती तत्काळ पाठवू, असे अधीक्षकाने सुचविले. मौलानांनी नकार दिला. नेहरू दुपारी येऊन बराच वेळ बोलत बसले. त्यांनाही तेच उत्तर मिळाले. परक्या सत्तेपुढे याचना करावयाची नाही, हा त्यांचा निर्धार होता.

बाहेरून सारे पूर्ववत चालले. जेवणाच्या वेळा चुकल्या नाहीत आणि सहकाऱ्यांसोबतची बैठकही मोडली नाही. वर्तमानपत्र दुपारी बारा ते एकच्या दरम्यान येई. जेलरची पावले ऐकू येताच त्यांचे हृदय धडधडू लागे, कारण आज त्यात कोणती बातमी असेल, हे कोण जाणे! पण त्यांच्या आसनाची पाठ दाराकडे होती. आत येणाऱ्यास चेहरा लगेच दिसत नसे. जेलर समोर येईपर्यंत ते स्वतःला सावरत, हसून अंक मेजावर ठेवावयास सांगत आणि जणू काही घाई नाही अशा थाटात लेखन चालू ठेवीत.

हे सर्व आपल्याला त्यांच्याच लेखणीमुळे ठाऊक आहे. त्या शांततेत अहंकाराने रंगविलेला देखावा मिसळला होता आणि सब्राच्या पदराला अस्वस्थतेचा डाग लागू नये म्हणून ही सारी धडपड होती, हे त्यांनी मित्रापुढे मान्य केले. लाखोंचा नेता आणि कुरआनचा भाष्यकार असलेल्या माणसाने इतके निखळ बोलावे, यात मला त्यांचे खरे मोठेपण दिसते.

९ एप्रिल रोजी दुपारी अधीक्षकाने तार हाती दिली. छत्तीस वर्षांचा संसार संपला होता. किल्ल्याच्या आवारात एक जुनी, अनामिक कबर होती. मौलानांनी ती शेकडो वेळा पाहिली होती. पण आता तिच्याकडे पाहताना तिच्याविषयी अचानक जिव्हाळा दाटून आला आणि ते संध्याकाळी बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. काही महिन्यांतच भोपाळमध्ये त्यांची बहीण आबरू बेगम यांचेही निधन झाले. दडविलेल्या दुःखाचा हिशेब शरीराने मांडला. कैदेच्या त्या काळात त्यांचे वजन सुमारे चाळीस पौंडांनी घटले.

जून १९४५ मध्ये बाँकुरा येथून त्यांची सुटका झाली. हावडा स्थानकावर स्वागताला अफाट गर्दी होती. परंतु घरी जाण्यापूर्वी ते पत्नीच्या कबरीवर गेले आणि मूकपणे त्यांनी फातिहा पढली. १९४६ साली ती पत्रे ग्रंथरूपाने बाहेर आली, तेव्हा शेरवानीसाहेब हयात होते. पोहोचणार नाहीत म्हणून लिहिलेली पत्रे अखेर पोहोचली. २२ फेब्रुवारी १९५८ रोजी मौलानांचे देहावसान झाले. दिल्लीत जामा मशीद आणि लाल किल्ला यांच्या दरम्यान ते चिरनिद्रा घेत आहेत.

आपल्या घरांसाठी

दुःख बोलून दाखविणे सब्राच्या विरुद्ध आहे, अशी आपल्यात समजूत आहे. पवित्र कुरआनच्या सूरह यूसुफमध्ये हजरत याकूब (अ.) यांचा सब्र सुंदर सब्र म्हणून आला आहे, आणि त्याच सूरहमध्ये पुत्रवियोगाने त्यांचे डोळे पांढरे झाल्याचे व त्यांनी आपली व्यथा अल्लाहपुढे मांडल्याचेही सांगितले आहे. म्हणजे अश्रू आणि सब्र एकाच हृदयात नांदू शकतात. अल्लाहच्या निर्णयाविरुद्ध तक्रार करणे वेगळे आणि आपली अवस्था आपल्या माणसाला सांगणे वेगळे.

पहिल्या वह्‌यनंतर प्रेषित हजरत मुहम्मद (स.) थरथरत घरी आले, तेव्हा त्यांनी आपली भीती हजरत खदीजा (रजि.) यांच्यापासून लपविली नाही. त्या माउलीने आधी ऐकून घेतले, मग धीर दिला आणि नंतर जाणकार वरका यांच्याकडे नेले. ऐकणे, धीर देणे आणि जाणत्याकडे नेणे हा क्रम प्रत्येक घराने लक्षात ठेवावा. हदीसमध्ये असाही प्रसंग येतो की, हजरत आयशा (रजि.) डोके दुखत असल्याचे बोलल्या आणि प्रेषितांनी (स.) आपलेही डोके दुखत असल्याचे सांगितले. पती-पत्नीमधील हा साधा संवाद सुरक्षित राहिला, यातही आपल्यासाठी हिदायत आहे.

म्हणून, वाचक बंधू-भगिनींनो, आज घरी एक गोष्ट करा. खैरियत विचारून थांबू नका. समोरच्याचे उत्तर संपल्यावर थोडा वेळ तसेच बसून राहा. खरे बोलणे बहुधा त्यानंतर सुरू होते. कोणी मन मोकळे केले, तर त्याला उपदेश करण्याची घाई करू नका आणि ऐकलेली गोष्ट अमानत समजून जपा. झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर त्या माणसाला एकटे न सोडता डॉक्टरांकडे न्या. शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. उपचार घेणे ही सुन्नतच आहे.

मौलानांना आपले मन कागदावर मोकळे करावे लागले, कारण मध्ये किल्ल्याची भिंत होती. आपल्या आणि आपल्या माणसांच्या मध्ये अशी कोणती भिंत आहे?

अल्लाह तआला मौलानांना आणि त्यांच्या जीवनसाथीला मगफिरत देवो आणि आपल्या घरांना खऱ्या संवादाची बरकत देवो. आमीन.