राजा रविवर्मा : रंग घरोघरी नेणारा चित्रकार

महाराष्ट्रातील जुन्या घरांच्या माजघरात किंवा देवघरात कमळावर उभी असलेली लक्ष्मी आणि वीणा घेऊन बसलेली सरस्वती यांच्या तसबिरी पिढ्यान्‌पिढ्या टांगलेल्या असत. लक्ष्मीचे लुगडे लालसर गुलाबी, सरस्वतीचे पांढरे व जरीकाठी. या देवींना आपण इतके सरावलो आहोत की, त्यांचे रूप अनादी काळापासून असेच होते, असे वाटावे. प्रत्यक्षात हे रूप सव्वाशे वर्षांहून थोडे अधिक जुने आहे. ते केरळातील एका चित्रकाराने रंगविले आणि मुंबई व लोणावळ्याच्या परिसरातील छापखान्याने ते देशभर पोहोचविले. कोणता रंग पाहून माणसाचे हात आपोआप जोडले जातात आणि कोणता रंग पाहून तो तसबीर घेतल्याविना पुढे जातो, याची पारख त्या चित्रकाराला होती. त्याचे नाव राजा रविवर्मा.

रविवर्मा यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. ते कोणत्याही संस्थानाचे राजे नव्हते. घराणे मात्र त्रावणकोरच्या राजघराण्याशी सोयरिकीने जोडलेले होते. लहानपणी कोळशाने घराच्या भिंती रंगविणाऱ्या या मुलाला मारझोड न करता त्याच्या मामांनी त्याला रेखाटनाचे पहिले धडे दिले. मामा स्वतः तंजावर शैलीत चित्रे काढीत. चौदाव्या वर्षी ते भाच्याला घेऊन तिरुवनंतपुरमला गेले. महाराज आयिल्यम तिरुनाळ यांनी मुलाचे गुण ओळखून त्याला आश्रय दिला.

त्या काळी तैलरंग हे भारतात नवे माध्यम होते. पाण्यात कालविलेला रंग चटकन वाळतो. तेलातला रंग ओला राहतो, एकात एक मिसळता येतो आणि त्यामुळे त्वचेची चमक, रेशमाची झळाळी, मोत्यावरचा प्रकाश कॅनव्हासवर उतरविता येतो. हे तंत्र दरबारातील रामस्वामी नायकर यांना अवगत होते. परंतु त्यांनी ते या तरुणाला शिकविण्यास नकार दिला. त्यांचा शिष्य आरुमुखम पिळ्ळै मात्र रात्री गुपचूप येऊन त्याला काही गोष्टी सांगे. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार दरबारात आला. त्यानेही शिकविले नाही. तो काम करीत असताना पाहण्याची परवानगी तेवढी दिली. रविवर्मा पाहत राहिले. बाकीचे त्यांनी चुकत-माकत, स्वतःच्या हाताने मिळविले. १८७३ मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात केस माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला सुवर्णपदक मिळाले आणि संस्थानिकांची व इंग्रज अधिकाऱ्यांची मागणी सुरू झाली. १८९३ मध्ये त्यांची दहा चित्रे शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात गेली व तेथेही गौरविली गेली.

त्यांच्यापुढचा खरा प्रश्न मात्र पदकांचा नव्हता. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी आपल्या नव्या राजवाड्यासाठी रामायण-महाभारतातील प्रसंगांची चौदा चित्रे रविवर्मा यांच्याकडे मागितली. दमयंतीने, शकुंतलेने, सीतेने नेसावे काय? पुराणातील या स्त्रिया साऱ्या हिंदुस्थानच्या होत्या आणि हिंदुस्थानात तर दर शंभर कोसांवर वेश बदलतो. धाकटे बंधू सी. राजराजवर्मा यांना बरोबर घेऊन रविवर्मा उत्तरेत हिंडले. सर्वांना आपला वाटेल असा एखादा जुना वेश कोठे सापडतो का, हे पाहणे हा त्या प्रवासाचा एक हेतू होता. तसा वेश त्यांना सापडला नाही. अखेर त्यांच्या अनेक नायिका व देवी साडी नेसून आल्या आणि त्या साडीच्या नेसणीत महाराष्ट्रातील नऊवारीचा वाटा मोठा आहे.

वेशापेक्षाही अवघड होते ते रंगाचे. केरळात शुभ्र वस्त्र आणि त्याला सोनेरी किनार हाच सणासुदीचा, मंगलकार्याचा पोशाख. १८९३ च्या एका प्रसिद्ध चित्रात रविवर्मा यांनी बाळाला कडेवर घेऊन दारात उभी असलेली घरंदाज स्त्री अशाच पांढऱ्या वस्त्रात दाखविली आहे. मलयाळी माणसाला त्यात घरातले मांगल्य दिसते. तेच पांढरे वस्त्र उत्तरेकडे वैधव्याची खूण ठरते. मग लाल रंग तरी सर्वत्र सौभाग्याचा म्हणावा काय? महाराष्ट्रात कुंकू लाल आणि नववधूच्या शालूलाही लाल चालतो. पण याच महाराष्ट्रात केशवपन केलेल्या विधवेला नेसावे लागणारे आलवणही लालच असे. म्हणजे एकाच रंगाला दोन टोकांचे अर्थ, आणि तेही एकाच गल्लीत!

आज जाहिरातीचे व वेष्टनांचे शास्त्र शिकविताना रंगांचे तक्ते दिले जातात : लाल म्हणजे उत्साह, निळा म्हणजे विश्वास, हिरवा म्हणजे ताजेपणा. अशा तक्त्यांचा उपयोग नाही असे नाही. परंतु ते शिकलेल्या अर्थांना जन्मजात अर्थ समजतात. रविवर्मा यांच्यापाशी असा तक्ता नव्हता. त्यांच्या चित्रांकडे नीट पाहिले तर ध्यानात येते की, रंगाचा अर्थ त्यांनी त्याच्या सोबतीवरून ठरविला आहे. आलवणाला काठ-पदर नसतो, अंगावर दागिना नसतो. लक्ष्मीच्या लाल वस्त्राला जरीचा रुंद काठ आहे, गळ्यात अलंकार आहेत, पायाखाली गुलाबी कमळ आहे, मागे पाणी आणि हिरवळ आहे. त्या सोबतीमुळे लाल रंग समृद्धीचाच होतो. सरस्वतीला परंपरेने श्वेतवस्त्रा मानले आहे. तो संकेत त्यांनी मोडला नाही. परंतु शुभ्र साडीला सोनेरी किनार दिली, हातात वीणा दिली, जवळ मोर ठेवला. पांढऱ्यातील रितेपण गेले व पावित्र्य राहिले. या शुभ्र-सोनेरी जोडीत चित्रकाराच्या जन्मभूमीचीही छटा असावी, असे मानायला जागा आहे. १८९९ च्या हंस-दमयंतीच्या चित्रात तर शेजारचा पांढरा हंस हाच दमयंतीच्या लाल साडीला उठाव देतो.

राजवाड्यातील भिंतीवर हे रंग मूठभर लोकांनीच पाहिले असते. बडोद्याची चित्रे वाड्यात लागण्यापूर्वी लोकांसाठी मांडली, तेव्हा ती पाहण्यास गर्दी लोटली. दिवाण सर टी. माधवराव यांनी तर त्याआधीच रविवर्मा यांना सुचविले होते की, निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती काढाव्यात. रविवर्मा यांनी चित्रे बाहेर पाठविण्याऐवजी छापखानाच येथे आणला. १८९४ मध्ये, गोवर्धनदास खटाव मखनजी यांच्या भागीदारीत, मुंबईत त्यांचा शिळाछापखाना सुरू झाला. यंत्रे जर्मनीची आणि तंत्रज्ञही जर्मन होते.

देवादिकांची रंगीत चित्रे छापण्याचा उपक्रम महाराष्ट्राला अगदीच नवा होता असे नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी यांनी १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा काढली होती आणि तिची चित्रे घरोघरी लागत होती. रविवर्मा यांच्या प्रतींचे वेगळेपण तैलचित्राचा भास निर्माण करण्यात होते, आणि तो भास मोठ्या कष्टाने साधावा लागे.

शिळाछापाचे तत्त्व सोपे आहे : तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने वा शाईने आकृती उलटी काढावयाची, मग शिळा ओली करावयाची. छपाईची शाई तेलकट रेघांवर चिकटते, ओल्या दगडावर चिकटत नाही. अडचण पुढे येते. एका शिळेवरून एकच रंग उमटतो. रविवर्मा यांनी कॅनव्हासवर कुंचल्याच्या दोन-चार फटकाऱ्यांत लक्ष्मीच्या गालावर आणलेली कांती कारागिराला फिकट पिवळा, गुलाबी, तांबूस, तपकिरी अशी सुटी करावी लागे आणि प्रत्येक छटेसाठी निराळी शिळा तयार करावी लागे. एका चित्राला दहा-बारा किंवा त्याहूनही अधिक शिळा लागत. फिकट रंग सामान्यतः आधी, गडद नंतर. कागद प्रत्येक वेळी नेमका त्याच जागी बसला पाहिजे. केसाइतका सरकला तरी देवीचे ओठ हनुवटीवर यावयाचे! त्यात दमट हवेने कागद फुगतो व ताणला जातो. शेवटी रोगण चढविले, कॅनव्हासच्या विणीसारखा पोत दिला की तैलचित्राचा भास पुरा होई. ‘शकुंतलाजन्म’ हे या छापखान्यातून निघालेल्या पहिल्या चित्रांपैकी एक मानले जाते. लक्ष्मी आणि सरस्वती यांना मात्र तोड नव्हती.

या प्रतींतील रंग मूळ चित्राचे नव्हेत, हे मान्य करावयास हवे. मूळ चित्रात सावलीतही प्रकाश खेळतो. प्रतीत तांबडा अधिक तांबडा झालेला असतो, निळा अधिक निळा. कलेच्या दृष्टीने ही हानीच. पण तेलाच्या दिव्याच्या उजेडात, धुराने काळवंडलेल्या भिंतीवर, दहा हात दूरवरून पाहणाऱ्याला हाच भडक रंग दिसत होता, हेही खरे. ज्यांना मंदिराच्या पायरीपलीकडे पाऊल टाकण्याची मुभा नव्हती, त्यांच्याही घरात देव या कागदावरून आला. मग लोकांनी त्या रंगांत आपली भर घातली. बायकांनी देवीच्या चित्रातील लुगड्यावर खरी जर शिवली, टिकल्या आणि मणी चिकटविले, कापडाचे तुकडे लावले. अशा सजविलेल्या प्रती आज संग्राहकांकडे जपलेल्या आढळतात.

व्यापाऱ्यांच्या नजरेतून ही गोष्ट सुटणे शक्यच नव्हते. विलायती कापडाच्या ताग्यांवर देवदेवतांच्या रंगीत चिठ्ठ्या आधीपासून चिकटविल्या जात होत्या; अक्षरओळख नसलेले गिऱ्हाईक चित्रावरून आणि रंगावरून आपला माल ओळखीत असे. पुढे रविवर्मा यांची चित्रे किंवा त्यांच्या वळणाची चित्रे आगपेट्यांवर, साबणाच्या व बालकांच्या औषधांच्या जाहिरातींवर, दिनदर्शिकांवर आली. देवीची लाल साडी पाहून वाटणारा विश्वास साबणाच्या वडीलाही मिळू लागला. यातील पुष्कळ व्यवहार रविवर्मा यांच्या हयातीनंतरचा आहे, आणि त्यावर त्यांचा काहीच ताबा नव्हता.

छापखान्यावरही फार दिवस ताबा राहिला नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, कामगार शहर सोडू लागले. १८९९ च्या सुमारास छापखाना लोणावळ्याजवळच्या मळवलीला हलविण्यात आला. चित्रांना मागणी असूनही कर्ज वाढत गेले. चित्रे काढण्यासाठी संस्थानोसंस्थानी फिरणारा कलावंत कागदाचा भाव, कामगारांचे पगार आणि उधारी यांचा हिशेब कोठवर सांभाळणार? धाकट्या बंधूंच्या रोजनिशीत या विवंचनेच्या खुणा आहेत. अखेर विसाव्या शतकाच्या आरंभी छापखाना फ्रित्झ श्लायशर या त्यांच्याच जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. त्यासोबत चित्रे छापण्याचे हक्कही गेले. याच छापखान्यासाठी काही काळ काम केलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी पुढे १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट पडद्यावर आणला. त्यातील देवलोक व राजदरबार रविवर्मा यांची आठवण करून देतात, हा काही योगायोग म्हणता येणार नाही.

बंधू राजराजवर्मा १९०५ च्या आरंभी वारले. हा केवळ सख्ख्या भावाचा वियोग नव्हता; पार्श्वभूमीची निसर्गदृश्ये रंगविण्यापासून पत्रव्यवहारापर्यंत सारे सांभाळणारा सहकारी गेला होता. मधुमेहाने जर्जर झालेल्या रविवर्मा यांनी तरीही काम सोडले नाही. २ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांचे निधन झाले.

मृत्यूनंतर त्यांच्या कीर्तीला ओहोटी लागली. बंगालमधील नव्या चित्रपरंपरेच्या पुरस्कर्त्यांना त्यांच्या देवी नाटकी वाटल्या, रंग उसने आणि बाजारू वाटले. आनंद कुमारस्वामी यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यांच्यावर कठोर टीका केली. तिच्यात तथ्य नव्हते असे नाही. काही चित्रांतील नायिका खरोखरीच रंगभूमीवर उभ्या असल्यासारख्या दिसतात. मात्र या टीकाकारांनी मूळ चित्रे आणि त्यांच्या छापील प्रती यांत पुष्कळदा फरक केला नाही, आणि प्रतींच्या भडकपणाचे ओझे मूळ कुंचल्यावर लादले.

हा फरक डोळ्यांनी पाहण्याची संधी पुढे दिल्लीत मिळाली. इंडिया गेटजवळच्या जयपूर हाउसमध्ये १९५४ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झाले; त्याच्या संग्रहात रविवर्मा यांची मूळ तैलचित्रे आहेत. १९७९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या चित्रांना राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा दिला, त्यामुळे ती देशाबाहेर विकता येत नाहीत. १९९३ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. ज्यांनी घरातील तसबिरीवरून रविवर्मा ओळखला होता, त्यांना तेथे ओल्या त्वचेची तकाकी, मलमलीतून झिरपणारा उजेड आणि लाल रंगातच दडलेल्या अनेक छटा प्रथमच दिसल्या असतील.

मळवलीचा छापखाना तोवर उरला नव्हता. १९७२ मध्ये लागलेल्या आगीत तो जळाला. तेथून निघालेल्या लक्ष्मीच्या आणि सरस्वतीच्या प्रती मात्र तोपर्यंत देशभर विखुरलेल्या होत्या, आणि त्यांच्यावरून काढलेली नवी चित्रे, मूळ चित्रकाराचे नाव ठाऊक नसलेल्या छापखान्यांतून, दर दिवाळीला तशीच लाल आणि तशीच शुभ्र निघत होती.