पिवळ्या गळ्याची चिमणी



जुईनगरात आपल्यापैकी बहुतेकांना अंगण नाही. खिडकीची जाळी आणि तिच्यातल्या चार कुंड्या, एवढाच आपला परिसर! तरी तिथे बुलबुल येतो, साळुंकी भांडते आणि मुले विचारतात, हा कोणता पक्षी? अशाच एका प्रश्नातून डॉ. सलीम अली यांचे सारे आयुष्य घडले.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका बोहरा मुस्लीम कुटुंबात त्यांचा जन्म झाला. दहा भावंडांत ते धाकटे. आईवडील लवकर वारले आणि खेतवाडीत मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. दहा-बारा वर्षांचे असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. अशी चिमणी खावी की नाही, असा प्रश्न त्यांना पडला. मामांनाही उत्तर ठाऊक नव्हते. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलर्ड साहेबांकडे पाठवले. साहेबांनी पोराला हाकलून दिले नाही. उलट कपाटे उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले.

पुढे ब्रह्मदेशात कौटुंबिक व्यवसाय पाहून १९१७ साली ते परतले आणि हिशेबतपासणी शिकू लागले. त्यांचा खरा ओढा ओळखला तो सेंट झेवियर्स कॉलेजचे येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लाटर यांनी. स्वित्झर्लंडहून आलेल्या या वनस्पतिशास्त्रज्ञ धर्मगुरूंनी त्यांना प्राणिशास्त्राच्या वर्गात बसायला लावले. आम्हा धर्मगुरूंना याचे थोडे कौतुक वाटले, तर वाचकांनी समजून घ्यावे!

पण पदवी नाही म्हणून मनाजोगी नोकरी मिळेना. संग्रहालयात मिळाली, तीही जर्मनीत शिकून १९३० साली परतेपर्यंत पैशांअभावी बंद झाली. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. कोणीही खचला असता. ते मात्र शिडीवर आडोसा करून सुगरण पक्षी न्याहाळत बसले. मराठीत आपण तिला बाईचे नाव दिले, पण घरटे विणतो तो नर. अर्धे विणून झाले की मादी पाहायला येते. तिला पसंत पडले तरच तो ते पुरे करतो आणि मग दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे सुरू करतो. (अर्धवट बांधकाम पाहून घर ठरवणे नवी मुंबईकरांना काही नवे नाही.) ही गोष्ट जगाला नीट कळली ती बेकारीतल्या या निरीक्षणामुळे.

१९३९ साली तेहमिना एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर वारल्या. हा घाव मोठा होता. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. नंतर डिलन रिप्ले यांच्यासह दहा खंडांचा ग्रंथ. भरतपूरचे पाणथळ आणि केरळचे सायलेंट व्हॅली वाचवण्यासाठीही त्यांनी आपला शब्द खर्ची घातला.

१९८५ साली त्यांनी आत्मचरित्र लिहिले. त्याचे शीर्षक एका चिमणीच्या पडण्याविषयी आहे. ते शब्द शेक्सपिअरच्या हॅम्लेटमधले, आणि त्यांचे मूळ मत्तयच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात. पित्याच्या नकळत एकही चिमणी भुईवर पडत नाही, हे वचन आपल्या परिचयाचे आहे. सलीम अलींच्या मनात होती ती मात्र त्यांच्या छऱ्याने पडलेली चिमणी.

२० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

ती चिमणी आपल्याकडे रानचिमणी म्हणून ओळखली जाते. नराच्या गळ्यावर पिवळा डाग आणि खांद्यावर तांबूस पट्टा असतो. ती सहसा झाडाच्या ढोलीत घरटे करते.